काट्यावर बोट

त्यांना 'काटेकोर साहेब' हे नाव एका किराणा दुकानदाराने दिलं, आणि ते काही कौतुकाने दिलं नव्हतं. वजनमापं खात्यात निरीक्षक असताना साहेबांनी त्याच्या तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा नखाने खरवडून काढला होता, तोही भर गर्दीत. दुकानदाराने मुकाट दंड भरला आणि साहेब पायरी उतरत असताना मागून म्हणाला, "आले मोठे काटेकोर." नाव चिकटलं ते चिकटलंच. साहेबांना ते आवडलंही. आपण शिवी हासडावी आणि समोरच्याने ती पदक म्हणून मिरवावी, यात शिवी देणाऱ्याचा केवढा विरस होत असेल.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी नजर काही निवृत्त झाली नव्हती. साहेब समोर उभे राहिले की भाजीवाला उगाचच काटा पुसायला लागे. लबाड्यांची सगळी वंशावळ त्यांना तोंडपाठ होती: पोकळ वजनं, पारड्याखालचं लोहचुंबक, किंचित वाकवलेला दांडा. पण सगळ्यात जुनी आणि सगळ्यात स्वस्त लबाडी म्हणजे बोट, असं ते सांगत. माल ठेवता ठेवता करंगळी पारड्याच्या काठावर टेकवायची आणि गिऱ्हाईकाशी गोड बोलत राहायचं. ना साहित्य लागतं, ना पुरावा उरतो. "काटा खोटं बोलत नाही, त्याच्याकडून बोलवून घेतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकून ऐकून त्यांच्या बायकोचे कान किटले होते.

साहेबांनी लाच खाल्ली नाही आणि माणसंही जोडली नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच कडकपणाने पाळल्या. माणसांचं खातं बायकोकडे होतं. शेजारी, नातेवाईक, लेक, सगळ्यांची आवकजावक तीच सांभाळायची. एकुलती एक लेक शिकून लांबच्या शहरात नोकरीला गेली आणि तिकडचीच झाली. तिचा फोन आला आणि चुकून साहेबांच्या हाती लागला, तर ते म्हणत, "बरी आहेस ना? देतो आईला." या पाच शब्दांवर बापलेकीचं बोलणं वर्षानुवर्षं तगून होतं. कुणाला काही कमी पडलं नाही, कारण पुढचं सगळं आई बोलायची आणि जेवताना त्याचा गोषवारा साहेबांना मिळायचा.

मग बायको गेली. फोन वाजे, साहेब उचलत, "बरी आहेस ना?" म्हणत, आणि पुढे तो कुणाकडे द्यायचा हे न कळून तसाच कानाला लावून उभे राहत. लेक विचारायची, औषधं घेतली का. हे म्हणत, घेतली. लेक म्हणायची, बरं मग. हे म्हणत, बरं. संपलं. दोन खोल्यांच्या घरात दिवसभरात त्यांचा स्वतःचा आवाज त्यांच्या कानावर पडायचा तो एवढाच. कधी कधी तर सकाळी दूधवाल्याशी बोलताना घसा खाकरून आवाज शोधावा लागे.

साखरेचा आजार जुनाच होता. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचून घेणं अंगवळणी पडलं होतं. पण वयाबरोबर एक नवीनच भानगड उपटली. साखर खाली गेली तर आधी हातपाय कापतात, घाम सुटतो, माणूस सावध होतो. साहेबांचं शरीर ही सूचना द्यायचंच विसरलं. एका सकाळी दूधवाल्याला ते जिन्यात बसलेले सापडले, डोळे उघडे पण शुद्ध नाही. लेक धावत आली, चार दिवस राहिली, आणि जाण्याआधी त्यांना दवाखान्यातल्या सिस्टरच्या हवाली करून गेली.

या सिस्टरचं काम जरा निराळं होतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर बसवायचा आणि तो त्यांच्या गळी उतरवायचा. पहिलं काम दोन मिनिटांचं, दुसऱ्याला जन्म पुरत नाही, असं ती हसत हसत सांगायची. दर आठवड्याला ती चारपाच जणांना गोल बसवायची आणि आधी स्वतःच्या दंडावरचा सेन्सर दाखवायची. तिला स्वतःला आजार नव्हता, पण "मी लावल्याशिवाय तुम्ही कशाला लावाल?" असा तिचा साधा हिशेब. मग शंकांचा पाऊस पडायचा. आंघोळ केली तर बिघडेल का. झोपेत शॉक बसेल का. एका आजींना तर ठाम संशय होता की हे यंत्र त्यांचं बोलणं ऐकून सुनेला सांगणार. सिस्टर प्रत्येक शंकेला मान देऊन उत्तर द्यायची, आजींना म्हणाली, "आजी, त्याला फक्त साखर कळते, आणि तुमच्या बोलण्यात ती नाही." आजीसुद्धा हसल्या.

साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "याची तपासणी कोण करतं? शिक्का कुठाय?" सिस्टर म्हणाली, तुम्हीच करा. बोट टोचून मोजा आणि ताडून बघा. साहेब आठवडाभर दिवसातून चार वेळा बोट टोचून ताडत राहिले. थोडाफार फरक पडे, पण तेवढा सोन्याच्या काट्यालाही माफ असतो. आठवड्याने त्यांनी निकाल दिला, काटा बरा आहे. सिस्टरला हे प्रशस्तिपत्रक एवढं आवडलं की पुढच्या गोलात तिने साहेबांनाच बोलायला लावलं.

सेन्सरचा आकडा दर थोड्या वेळाने साहेबांच्या फोनवर यायचा, आणि लेकीच्याही. सत्तरच्या खाली गेला की दोन्ही फोन एकदमच बोंबलायचे. "वाजलं की आधी खायचं, मग विचार करायचा," असं सिस्टरने बजावलं होतं. आणखी एक गोष्ट तिने सांगितली होती, पण ती साहेबांच्या डोक्यावरून गेली. दंड दाबला जाईल असं झोपू नका, आकडा खोटा उतरतो.

एका संध्याकाळी साहेब आरामखुर्चीत बसल्या बसल्या पेंगले. डावा दंड खुर्चीच्या लाकडी हातावर दाबला गेला. जाग आली ती फोनच्या कर्कश आवाजाने, आणि तो थांबतोय तोवर लेकीचा फोन.

"बाबा, पंचावन्न दाखवतंय. साखर तोंडात टाका. टाकलीत? बोलत राहा माझ्याशी, झोपायचं नाही. काहीही बोला."

काहीही बोला! जन्मात त्यांना असं कुणी सांगितलं नव्हतं. साहेब चाचरले, आणि मग साखर चघळत चघळत मेणाच्या गोळ्याची गोष्ट सांगून बसले. लेक हसली. तिने ती आईच्या तोंडून ऐकली होती, पण त्यात दुकानदार पळून जायचा. मग तिने तिच्या स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाची कथा सांगितली. नवीन वरिष्ठ कसा नाकाने बोलतो त्याची नक्कल केली. आकडा शंभराच्या वर गेला तेव्हा ती सुस्कारा सोडून म्हणाली, बरं मग. साहेब फोन हातात धरून बसून राहिले. खोली कधी नव्हे ती भरल्यासारखी वाटत होती.

मग सवयीने त्यांनी बोट टोचलं. साखर खाल्लेली होती खरी, पण दोनशे दहा? पंचावन्नवरून एवढी उडी बसणं शक्यच नव्हतं. ते खुर्चीकडे पाहत राहिले. लाकडी हात, आपला दंड, मधोमध सेन्सर. त्यांना उलगडायला वेळ लागला नाही. आयुष्यभर हेच तर पकडत आले होते.

त्यांनी हे लेकीला सांगायला हवं होतं. सांगणार होतेच, पुढच्या फोनवर. पुढचा फोन रविवारी आला. औषधं घेतली का. घेतली. बरं मग. बरं. तो गळका नळ दुरुस्त झाला का, हे विचारायचं साहेबांनी मनात घोकून ठेवलं होतं, पण ते ओठांपर्यंत येईतो फोन बंद झाला होता. साखर चांगली असलेल्या बापाशी काय बोलायचं हे तिलाही कुठे कळत होतं?

त्यानंतर दोन दिवसांनी संध्याकाळी ते खुर्चीत येऊन बसले आणि दंड लाकडावर टेकवला. या वेळी झोप आली नव्हती.

चुकीचं काम करायचं तेही काटेकोरपणे. लेक कामावर असताना नाही, ती झोपल्यावर तर नाहीच. ती घरी येऊन, हातपाय धुऊन, चहा पिऊन बसली असेल असा अंदाज घेऊन ते दंड टेकवत. रोज नाही, आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळी. त्या वेळात त्यांना कळलं की लेकीला मांजराची अॅलर्जी असूनही तिने मांजर पाळलंय, की तिला आईच्या आवाजाचं स्वप्न पडतं पण चेहरा दिसत नाही. हे सगळं ती कमी साखरेच्या बापाला जागं ठेवण्यासाठी सांगत होती. साखर मात्र ते तोंडात टाकत नसत, नुसतं "टाकली" म्हणत. एवढा प्रामाणिकपणा त्यांनी स्वतःपाशी राखला होता, की उगाच साखर वाढवायची नाही.

पण खोट्या काट्याने एकाचंच नुकसान होतं असं थोडंच आहे? डॉक्टरांनी आलेख पाहिला, संध्याकाळच्या साखरा वारंवार खाली दिसल्या आणि इन्सुलिन कमी केलं. त्यामुळे खरी साखर वर सरकायला लागली. साहेबांना सतत तहान लागू लागली, पायांना मुंग्या येऊ लागल्या. आणि लेकीने एका संध्याकाळी, आकडा शंभरावर आल्यावर, हळूच सांगितलं की तिने एक जागा पाहून ठेवली आहे. वृद्धांची सोय आहे, चोवीस तास माणूस असतं, तिच्या घरापासून फार लांब नाही. महिनाअखेरीस येऊन ती त्यांना घेऊन जाईल. घराचं काय करायचं ते नंतर बघू. "तुम्हाला एकटं ठेवायची मला भीती वाटते, बाबा," ती म्हणाली.

साहेब म्हणाले, बघू. फोन ठेवून दोन्ही खोल्यांमधून एक फेरी मारली. बायकोचा चष्मा अजून खिडकीतच होता. घर सोडायचं नव्हतं. घर राखायचं तर खरं सांगायला हवं होतं, आणि खरं सांगितलं तर संध्याकाळचे फोन संपले. त्याहून वाईट म्हणजे ते का केलं हेही सांगावं लागणार. आजारी म्हणवून घेण्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता. एकटा पडलोय हे म्हणणं मात्र त्यांच्या जिभेला जमणारं नव्हतं. त्यापेक्षा तिथे जाऊन पडावं, असंही एकदा मनाने घेतलं.

सेन्सर बदलायला सिस्टर घरी आली तेव्हा तिने तो लगेच काढला नाही. आलेख समोर धरला आणि त्यांच्या शेजारी बसली.

"काका, साखर उतरते. जिना उतरतो तशी, पायरी पायरीने. ही उतरलेली नाही, ही पडलीय. आणि पडून तशीच सरळ वर आलीय. प्रत्येक वेळी संध्याकाळचीच."

"सेन्सरच खराब निघाला असेल," साहेब म्हणाले.

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि त्यांचं त्यांनाच ओळखीचं वाटलं. नोकरीभर त्यांनी ते ऐकलं होतं. काटाच खराब आहे साहेब, आजच बिघडला बघा. म्हणणाऱ्याचे कान लाल व्हायचे आणि साहेबांची नजर त्याच्या करंगळीवर जायची. आता सिस्टरची नजर खुर्चीच्या लाकडी हातावर होती.

तिने जुना सेन्सर सोलून काढला, कातडी पुसली, नवा दुसऱ्या दंडावर लावला. मग म्हणाली की डॉक्टरांना तिला सांगावंच लागेल, कारण कमी केलेल्या इन्सुलिनने डोळे जातील, पाय जातील. मुलीला काय सांगायचं ते मात्र काकांचं काकांनी बघावं. दारापाशी जाऊन ती थांबली. तिच्याकडच्या बऱ्याच माणसांचा संध्याकाळीच आलेख बिघडतो, असं म्हणाली आणि गेली.

त्या संध्याकाळी साहेबांनी लेकीला फोन लावला. स्वतःहून लावायची ही पहिलीच वेळ. नंबर शोधायलाच बराच वेळ गेला, कारण आजवर लावायची ती बायको.

"बाबा? काय झालं? आकडा तर ठीक आहे."

"ठीकच आहे. नेहमीच ठीक होता. मी दंड दाबून धरायचो. दाबला की तो खोटा उतरतो. पहिल्यांदा चुकून झालं. नंतरचे सगळे मुद्दाम."

मग ती बोलली ती अगदी हळू.

"मी संध्याकाळी जेवत नव्हते, बाबा. घरी आले की फोन समोर ठेवून बसायचे. आज वाजेल, आज वाजेल. तुमचा आकडा वर आल्याशिवाय घास उतरायचा नाही. तुम्ही काटा मारलात."

"हो."

"का पण?"

साहेबांनी उत्तर जुळवून ठेवलं होतं, तेही बऱ्यापैकी लांबलचक. ऐन वेळी त्यातलं काहीच हाताशी लागलं नाही. "तुझ्याशी काय बोलायचं ते मला येत नाही," ते म्हणाले. "आईला यायचं."

फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, नुसता लिहिलेला. वृद्धांच्या सोयीचं रद्द केलं आहे. डॉक्टरांकडे जाऊन या. पुढे काही नव्हतं, नेहमीचं 'काळजी घ्या' सुद्धा.

घर राहिलं. दोन्ही खोल्या, चष्मा, खुर्ची, सगळं जागच्या जागी राहिलं. इन्सुलिन पूर्ववत झालं, तहान कमी झाली, आलेख सुतासारखा सरळ झाला. सिस्टर खूश. रविवारचा फोन आला नाही, त्याच्या पुढच्या रविवारचाही नाही. साहेबांनी आरामखुर्चीत बसणं सोडलं. चुकूनही दंड कशाला टेकू नये म्हणून ते स्टुलावर ताठ बसत. संध्याकाळी त्या वेळेला फोन समोर ठेवत, आकडा बघत, आणि आकडा चांगला असे. चांगल्या आकड्याला कुणी फोन करत नाही. लेकीने तिच्या फोनवरून आपलं नाव काढून टाकलं असेल, असं त्यांनी धरून चाललं होतं. खोट्या काट्याचं आपण तरी काय करायचो? जप्त. त्यांना राग आला तो स्वतःचाच, आणि रडूही आलं. स्टुलावर बसून रडताना टेकायला काही नसतं, म्हणून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

एका दिवशी बँकेच्या रांगेत दुपार गेली. जेवायचं राहिलं, शिवाय घरापर्यंत पायी आले. कुलूप उघडून आत आले तोच फोन बोंबलला. एकोणसाठ. साहेब उभेच होते, दंड मोकळा होता. अंगाला ना घाम ना कंप, नेहमीसारखंच. फक्त साखरेच्या डब्याचं झाकण कुठल्या बाजूने फिरवायचं ते आठवेना. कसंबसं निघालं. अर्धी साखर फरशीवर सांडली, अर्धी तोंडात गेली.

फोन वाजला. साहेबांना आधी वाटलं अजून सेन्सरच ओरडतोय.

"हा खरा आहे?" लेक विचारत होती. आवाज कोरडा होता. "सेन्सरचं सोडा. बोट टोचा आणि सांगा."

त्यांनी टोचलं. हात धड चालत नव्हता, दोनदा टोचावं लागलं. "अठ्ठावन्न," ते म्हणाले. "खरा आहे."

"साखर?"

"खाल्ली. सांडली पण."

"आणखी खा. मी आहे."

त्यानंतर ती बोलली नाही. काहीही बोला असंही म्हणाली नाही. साहेब साखर चघळत राहिले आणि पलीकडचं ऐकत राहिले. तिने कुठलं तरी दार लावलं. खुर्ची ओढली. बऱ्याच वेळाने आकडा हलला, पासष्ट, मग अठ्ठ्याहत्तर, मग नव्वदच्या पुढे. डोकं हळूहळू ताळ्यावर आलं तशी त्यांना फरशीवरची साखर दिसली, तिच्याकडे निघालेली मुंग्यांची रांग दिसली, आणि हे आता संपणार हे कळलं.

"शंभर झाले," ती म्हणाली. "बोट टोचून बघा एकदा."

त्यांनी पाहिलं. एकशे चार.

"ठीक आहे. ठेवू?"

हा प्रश्न आला की काय म्हणायचं ते माणसाला विचार न करता येतं. साहेबांनाही येत होतं. तोंडाशी आलेलंही होतं.

"नको," ते म्हणाले.

तिने फोन ठेवला नाही. थोड्या वेळाने पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग चमच्याचा. ती जेवायला बसली होती. साहेब फोन कानाला लावून ते ऐकत बसले.